चौशिंगा आणि टोपलीभर अळंबी

पूर्वी वेळूपूर नावाच्या नगरात पद्मसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्या राजवाड्यात आचारी होऊन राहिला होता. त्या जन्मी त्याचे नाव सोमिल. हाताला चव होती, बोलणे थोडे होते, आणि खोटे बोलायची मुळी सवयच नव्हती. त्यामुळे नगरातल्या बायका त्याला घरी जेवायला बोलावत, पण भाजी कशी झालीय असे मात्र विचारत नसत.

त्या नगरात एक रीत होती. तिला ‘अपूर्व घास’ म्हणत. दरवर्षी भाद्रपदात, राज्याभिषेकाच्या दिवशी, राजाने असा पदार्थ खायचा की जो नगरात कुणीही कधी खाल्लेला नाही. आदल्या दिवशी आचाऱ्याने ती वस्तू गाड्यावर घालून गल्लोगल्ली फिरवायची आणि प्रत्येक दारात तीन वेळा विचारायचे, “हे कुणी खाल्लंय का?” एका माणसाने जरी हो म्हटले तरी तो पदार्थ बाद. मग गाड्यावर जोडीला नेलेला दुसरा पदार्थ राजाने मुकाट्याने खायचा. त्या दुसऱ्याला कसलीच अट नव्हती. पण तशी पाळी कधी आली नाही, कारण हो म्हणणाऱ्याने राजाच्या अरण्यातली शिकार चोरली असे ठरे आणि त्याचा उजवा हात तोडला जाई. आता हात गमावून कोण कबूल करणार की मी खाल्लंय म्हणून?

राजवाड्यात आणखी एक नियम होता. राजाच्या ताटातला पहिला घास आचाऱ्याने खायचा, सगळ्यांच्या देखत. विषाची भीती, दुसरे काय. हे दोन नियम दोन प्रधानांनी केले होते आणि त्या दोघांचे एकमेकांशी बोलणे नव्हते. कशावरून बिनसले होते ते आता कुणाला आठवत नाही, बहुतेक बसण्याच्या जागेवरून असावे. ते दोघेही गेले, नियम तेवढे राहिले.

अशी अकरा वर्षे गेली. अकरा वर्षांत राजाने धनेश पक्षी खाल्ला, शेकरू खाल्ले, खवले मांजर खाल्ले, देवडोहातला सोनेरी मासा खाल्ला. पुढची नावे सांगत नाही, ऐकवत नाहीत. ही जनावरे शोधून आणायचा कोठारी कुंभिल. तो मोठा हौशी माणूस. वस्तू जितकी दुर्मिळ तितका त्याचा चेहरा फुले. सोमिल स्वतः मारीत नसे, पण मारून आणलेले त्याला शिजवावे लागे. आणि तो दिवस झाला की पुढचे चार दिवस त्याला स्वतःच्या हातचे अन्न गोड लागत नसे.

बाराव्या वर्षी कुंभिलाने चौशिंगा आणला.

वेळूच्या पिंजऱ्यात ते जनावर उभे होते. शेळीएवढे, अंगाने बारीक, रंग सुकलेल्या पाचोळ्याचा. कानांच्या मध्ये दोन शिंगे आणि त्यांच्या पुढे, कपाळावर, आणखी दोन बोटभर. अरण्याचा राखणदार गाड्यामागे चालत आला होता. तो सोमिलला बाजूला घेऊन म्हणाला, “आचारीबुवा, या जातीचे आता मोजून चार राहिलेत. तीन माद्या आणि हा एक नर. हा ताटात गेला की संपलं बघा. माद्या म्हाताऱ्या होतील आणि मरतील.”

“कोठाऱ्यांना सांगितलंस का?”

“सांगितलं ना. तर ते नाचायलाच लागले. म्हणाले, शेवटचाच आहे? मग तर फारच उत्तम!”

सोमिलने पिंजऱ्याकडे पाहिले. चौशिंग्याने त्याच्याकडे पाहिले नाही. तो एक पाय उचलून उभा होता, टाकू की नको अशा विचारात.

जोडीच्या पदार्थाकडे कुंभिल कधी लक्षच देत नसे. हाताला येईल ते टाकायचा. गेल्या वर्षी एक दुधी भोपळा टाकला होता. या वर्षी कोठाराच्या मागल्या वारुळावर अळंबी फुटली होती, पांढरीशुभ्र, छत्रीएवढाली. तीच उपटून टोपलीत घातली आणि टोपली पिंजऱ्याला टेकवून ठेवली. एकीकडे अरण्यातला शेवटचा नर, आणि दुसरीकडे, त्या महिन्यात वाटेवर पाय ठेवाल तिथे उगवते ती भाजी. अशी जोडी गाड्यावर घेऊन सोमिल निघाला.

पहिली गल्ली विणकरांची. तिथे एक बाई दारात सूत उकलीत बसली होती.

“ताई, हे कुणी खाल्लंय का?” सोमिलने विचारले.

“नाही हो. आमच्या सात पिढ्यांत नाही.” तिने चौशिंग्याची शिंगे दोनदा मोजली. मग तिची नजर टोपलीवर गेली. “ही अळंबी कुणी धुतली?”

“धुतली आहे खरी.”

“अरे देवा! अळंबी धुवायची असते होय? ओल्या फडक्यानं पुसायची. धुतली की चव गेली वाहून.”

पलीकडच्या दारातून दुसरी बाई म्हणाली, “तिचं ऐकू नका हो आचारीबुवा. ती पुसते, आणि तिच्या घरी जेवणाऱ्याच्या दाताखाली माती येते. आम्ही जेवलोय ना.”

“जेवलीस तेव्हा तीनदा वाढून घेतलंस!”

“भिडेखातर घेतलं!”

सोमिलला उरलेल्या दोन वेळा विचारायचे होते. त्याने ते विचारले, पण ऐकायला कुणी मोकळे नव्हते.

पुढची गल्ली कुंभारांची. तिथे चौशिंगा कुणी खाल्ला नव्हता. अळंबी मात्र मातीच्या खापरावरच भाजायची, पितळेला लावायची नाही, असे तिथले म्हणणे पडले. तेल्यांच्या गल्लीत चौशिंगा कुणी खाल्ला नव्हता. अळंबीत तेल हात राखून घालणारी माणसे कुठल्या जातकुळीची असतात, हे मात्र त्यांनी सविस्तर सांगितले. न्हाव्याच्या घरी लसूण ठेचून, सुताराच्या घरी लसूण अजिबात नाही. एका घरी नवी सून आली होती. तिच्या माहेरी अळंबीत वाटलेले तीळ घालतात असे ती हळूच म्हणाली, आणि सासू एकदम गप्प झाली. सासूने तो प्रकार सकाळीच चाखला होता आणि तिला तो आवडला होता, पण कबूल कसे करायचे?

मधल्या वेळात चौशिंग्याने पिंजऱ्यातून तोंड बाहेर काढून टोपली रिकामी केली. लोकांनी आपापल्या घरातली मूठ मूठ अळंबी आणून ती भरली. त्याने ती पुन्हा रिकामी केली. पाठीमागून चालणारा राखणदार म्हणाला, “याला धुतलेली चालते आणि पुसलेलीही चालते.”

ऊन उतरता उतरता गाडा शेवटच्या गल्लीत आला. सोमिलचे लहानपण याच गल्लीत गेले होते. कोपऱ्यावर भद्राकाकू राहत. आपल्या ओट्यावर बसून अख्ख्या गल्लीत कुणाच्या चुलीवर काय आहे ते त्या वासावरून सांगत, आणि वास आला नाही तर उठून जाऊन बघून येत. काही लोकांना हा स्वभाव आवडत नाही. पण कुणाची चूल पेटली नाही हेसुद्धा अशाच माणसाला सगळ्यांच्या आधी कळते, ते कुणी ध्यानात घेत नाही.

“काकू, हे कुणी खाल्लंय का?” सोमिलने विचारले.

“मी नाही. शेजारच्यांनी नाही. त्यांच्या पलीकडच्यांनी तर महिनाभर वरणाला फोडणीसुद्धा दिलेली नाही, ते काय चौशिंगा खातायत?” काकूंनी गल्लीचा सगळा हिशेब एका दमात दिला. मग विचारले, “आणि तू रे?”

“मी काय?”

“तू खाल्लास का?”

“नाही काकू.”

“तो धनेश खाल्ला होतास?”

“एक घास. महाराजांच्या आधी चाखावा लागतो.”

“शेकरू?”

“एक घास.”

“मासा?”

“तोही.”

“आणि उद्या हा?”

गाड्याचा बैल शेपटी हलवीत उभा होता.

“म्हणजे नगरात कुणी खाल्लं नाही, असं जे दारोदार विचारत फिरतोस,” काकू म्हणाल्या, “त्यात एक दार राहिलंच की.”

अकरा वर्षे ही गोष्ट भर दरबारात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर चालली होती. राजाने पाहिली, प्रधानांनी पाहिली, खुद्द सोमिलने आपल्या हाताने केली. पण दोन नियम शेजारी शेजारी ठेवून कुणी पाहिले नव्हते.

काकूंनाच मग भीती वाटली. त्या ओट्यावरून उतरून जवळ आल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, “हे बघ, मी आपली विचारून मोकळी झाले. तू कुठे बोलू नकोस. उजवा हात जाईल तुझा. आचाऱ्याचा हात गेला म्हणजे राहिलं काय?”

“काकू, मला रिवाजाप्रमाणे विचारायचं असतं. मग मला कुणी विचारलं तर?”

“मी विचारलं ते विसरून जा. मी काय, सगळ्यांनाच विचारते.”

सोमिल हसला. त्याने गाडा वळवला. वाटेत त्याने आपला उजवा हात दोनदा उलटापालटा करून पाहिला. चटके बसल्याचे जुने डाग होते, अंगठ्याजवळ विळीची खूण होती. या हाताने पुष्कळांना जेवू घातले आहे, असे त्याला वाटले. आणि हाच हात उद्या या जनावराला पातेल्यात घालणार, असेही वाटले. पिंजऱ्यात चौशिंगा आता बसला होता आणि शांतपणे रवंथ करीत होता.

सकाळी दरबार भरला. चौशिंगा पिंजऱ्यासकट आणून ठेवला होता. टोपली शेजारी होती, ती रात्रीतून पुन्हा कुणीतरी भरली होती. भद्राकाकू गर्दीत सगळ्यांच्या पुढे होत्या. त्यांना कुणी बोलावले नव्हते.

राजा पद्मसेन सिंहासनावर रेलून बसला होता. अपूर्व घासाच्या दिवशी तो नेहमीच थोडा उदास असे. लोकांना वाटे, हा राजेपणाचा गंभीरपणा.

“काय सोमिल,” राजा म्हणाला, “कुणी खाल्लंय का हे?”

“महाराज, तीनशे अकरा घरांत कुणी खाल्लेलं नाही.”

“उत्तम! पातेलं चढवा!” कुंभिल टाळी वाजवून म्हणाला.

“पण एक माणूस निघाला आहे,” सोमिल म्हणाला. “आजवरच्या अकराही वस्तू त्यानं महाराजांच्या आधी खाल्ल्या आहेत. आणि हाही तो आधीच खाणार आहे.”

दरबार चमकला. राजा सरळ होऊन बसला. “कोण तो?”

“मी, महाराज.”

भद्राकाकूंनी डोळ्यांवर पदर घेतला आणि एका बाजूने बघत राहिल्या.

राजाने बोटांवर मोजायला सुरुवात केली. “तो धनेश?”

“पहिला घास मी खाल्ला.”

“शेकरू?”

“मीच, महाराज.”

“देवडोहातला तो मासा? त्याला तर मी स्वतः ताटात येताना पाहिलं होतं!”

“आपण पाहिलंत तेव्हा त्याची शेपटी माझ्या तोंडात होती.”

राजाची बोटे संपली. त्याने दोन्ही हात मांडीवर ठेवले. अकरा वर्षे तो जे खात आला त्याला मराठीत एक साधा शब्द आहे, आणि तो शब्द दरबारात कुणी उच्चारला नाही. पण प्रत्येकाने तो मनात उच्चारला, आणि शेजाऱ्यानेही उच्चारला असणार हे ओळखून प्रत्येकजण खाली बघू लागला.

“याचा हात तोडा!” कुंभिल ओरडला. “नियम आहे! जो हो म्हणेल त्याचा उजवा हात!”

“हात तोडा, महाराज,” सोमिल म्हणाला, “पण मग याला सोडा. रिवाजाप्रमाणे हा बाद झाला.”

“बाद कसा? यानं अजून कुठे खाल्लाय?” कुंभिल म्हणाला. “महाराज, आज आचाऱ्यानं चाखायचंच नाही. सरळ आपणच पहिला घास घ्यावा. म्हणजे खरोखर अपूर्व!”

राजाने पिंजऱ्याकडे पाहिले. चार शिंगांचे असे जनावर त्याने जन्मात पाहिले नव्हते. “आणि बाधलं तर?” त्याने विचारले.

“कशानं बाधेल?”

“मला काय ठाऊक? कुणी खाल्लेलंच नाही म्हणता. मग कोण सांगणार की बाधत नाही म्हणून? कुंभिल, तू आधी एक घास खाऊन दाखव.”

“आनंदानं, महाराज!” कुंभिल म्हणाला, आणि मग त्याच्या ध्यानात आले. “पण मग मी खाल्लेलं होईल.”

“होईल.”

“मग तो अपूर्व राहणार नाही.”

“नाही.”

“आणि माझा हात...” कुंभिलाने आपला उजवा हात पाठीमागे नेला, आणि त्यानंतर त्या दिवशी तो फारसे बोलला नाही.

राजाने सोमिलला जवळ बोलावले आणि, काहीतरी लाजिरवाणे विचारावे तसे, हळू आवाजात विचारले, “तो धनेश तुला कसा लागला होता रे?”

सोमिलने खरे तेच सांगितले. “कडू, महाराज. कडुलिंब चावल्यासारखा.”

राजाने त्याचा हात धरला. “मलाही कडूच लागला होता! अकरा वर्षं मी समजत होतो की माझ्याच जिभेत खोट आहे. विचारणार कुणाला? दुसऱ्या कुणी खाल्लेला नाही! आणि ते खवले मांजर?”

“वहाणेचा तळवा, महाराज.”

“जुन्या वहाणेचा!”

“पावसात भिजलेल्या.”

“बरोबर, बरोबर!” राजा हसू लागला. तो इतका हसला की मुकुट एका कानावर आला. “आणि मासा? त्या माशात वाळू होती ना? की मलाच वाटलं?”

“होती, महाराज. मी तीनदा धुतला होता, तरी होती.”

अकराही पदार्थांची अशी उजळणी झाली. एकही चांगला निघाला नाही. राजाच्या चेहऱ्यावरची उदासी गेली आणि लोकांना प्रथमच कळले, की तो गंभीरपणा वगैरे काही नव्हता. माणूस जेवून उठतो तेव्हा त्याला कुणाशी तरी दोन शब्द बोलावेसे वाटतात. राजाला ते अकरा वर्षे मिळाले नव्हते.

“याचा हात तोडला,” राजा म्हणाला, “तर सबंध नगरात माझ्याशी या विषयावर बोलू शकणारा एकुलता एक माणूस जाईल. त्यापेक्षा हा नियमच तोडा. सोमिल, आता तूच सांग, आज मी काय खावं?”

तेव्हा बोधिसत्त्व म्हणाला, “महाराज, या गाड्यावर दोन वस्तू आहेत. हा चौशिंगा अरण्यातला शेवटचा नर आहे. याला खाल्लं तर कसा लागला हे आपण कुणाला सांगू शकणार नाही, आणि कसा दिसत होता हे पुढं कुणी कुणाला दाखवू शकणार नाही. ही अळंबी वारुळावरची, सगळ्यांच्या ओळखीची. आज उपटली तर चार दिवसांनी पुन्हा उभी राहते. आपण विषाला भिता. हिचा पहिला घास तीनशे अकरा घरांनी आपल्याआधी घेतलेला आहे, आणि सगळे समोर उभे आहेत. एकाची किंमत त्याला न खाण्यात आहे. दुसरीची सगळ्यांनी खाण्यात आहे. यातलं कोण मोठं, कोण लहान, ते मला सांगता येत नाही. कुणाला पातेल्यात घालायचं, एवढं मात्र सांगता येतं.”

राजाने टोपलीत वाकून पाहिले. “मी ही कधीच खाल्लेली नाही,” तो म्हणाला.

“अगंबाई!” भद्राकाकूंच्या तोंडून निघून गेले. “एवढा थोरला राजा, आणि अळंबी खाल्ली नाही?”

अळंबी अंगणातच शिजली. सोमिलने करायला घेतली, पण करू कोण देतो? कुणी खापर आणले, कुणी तेल ओतले. लसूण घालायचा की नाही यावर इतकी कडाक्याची भांडणे झाली की शेवटी दोन पातेली चढली. नव्या सुनेने तीळ वाटले, आणि ते तिच्या सासूने सगळ्यांच्या देखत स्वतःच्या हाताने पातेल्यात घातले. सोमिलने रिवाजाप्रमाणे पहिला घास घेतला. राजाने दुसरा घेतला.

सगळे नगर त्याच्या तोंडाकडे बघत होते.

“चांगली आहे,” राजा म्हणाला. मग त्याने आणखी एक घास घेतला आणि विचार करून म्हणाला, “पण मीठ किंचित कमी नाही का?”

“मीठ बरोबर आहे!” विणकराची बायको म्हणाली.

“कमीच आहे,” तिची शेजारीण म्हणाली. “मी मघापासून तेच सांगतेय. महाराज बरोबर बोलले.”

“महाराज आज पहिल्यांदा खातायत, त्यांना काय कळतंय?”

असे राजाला आयुष्यात कुणी म्हटले नव्हते. तो इतका खूश झाला की त्याने पुन्हा वाढून घेतले.

त्याच दुपारी राजा, सोमिल आणि राखणदार गाड्याबरोबर अरण्याच्या कडेपर्यंत चालत गेले. पिंजऱ्याचे दार राजाने स्वतः उघडले. चौशिंगा लगेच गेला नाही. एक पाय उचलून क्षणभर उभा राहिला, मग झुडपात शिरला, आणि पाचोळ्याच्या रंगात पाचोळा मिसळावा तसा दिसेनासा झाला. राखणदार पुष्कळ वेळ कान देऊन ऐकत होता. त्या दिवसापासून राज्याभिषेकाच्या दिवशी राजाने घरोघर जे शिजते तेच खावे असा नियम झाला, आणि त्या अरण्यात शिकारीला बंदी झाली. तीन वर्षांनी राखणदार निरोप घेऊन आला की चौशिंगे आता नऊ आहेत, नववा अजून नीट चालत नाही.

ही गोष्ट शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, जेतवनाच्या विहारात भिक्षूंना सांगितली. त्या दिवशी एका भिक्षूला धनिकाच्या घरून दुर्मिळ पक्वान्न मिळाले होते, आणि तो पात्रावर चीवर धरून सगळ्यांपासून लांब बसला होता. शास्ते म्हणाले, “तेव्हाचा राजा पद्मसेन म्हणजे हाच भिक्षू. कोठारी कुंभिल म्हणजे त्याला ते पक्वान्न देणारा धनिक. राखणदार म्हणजे विहाराच्या बागेला पाणी घालणारा हा उपासक. भद्राकाकू म्हणजे ती बघा, खांबाआडून ऐकते आहे ती उपासिका. चौशिंगा म्हणजे आपल्यातला सगळ्यांत लाजाळू श्रामणेर, नवा शिकाऊ भिक्षू, त्याचे नाव मी घेत नाही, तो पळून जाईल. आणि आचारी सोमिल तो मीच होतो. त्या जन्मी मी सत्य पारमिता, म्हणजे खरे बोलण्याचे व्रत, पाळली. खरे बोलायला मी उशीर केला, अकरा जीव गेल्यावर बोललो. पण बोललो तेव्हा हात वाचवून बोललो नाही.”

एका भिक्षूने हात जोडून विचारले, “भगवन्, आणि अळंबी कोण होती?”

शास्ते म्हणाले, “अळंबी तेव्हाही अळंबीच होती आणि आजही अळंबीच आहे. तिला दुसरे काही व्हायचे नव्हते.”

लांब बसलेल्या भिक्षूने पात्रावरचे चीवर बाजूला केले, उठून तो मध्ये येऊन बसला, आणि शेजाऱ्याला म्हणाला, “जरा चाखून सांगता का, मला हे फार गोड वाटतंय.”